तिसऱ्यांदा विचारल्यावर

आमच्या घरात "माहीत नाही" हे उत्तर कुणी कधी ऐकून घेतलेलं नाही. देवीकडूनसुद्धा नाही.

झाशीच्या खंडेराव गेटच्या आत आमची गल्ली, आणि गल्लीच्या तोंडाशी आमची देवी. देऊळ म्हणजे एक बसकी खोली, वर पत्रा, आत काळ्या पाषाणाची मूर्ती. आमचे पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर कोकणातून इकडे आले तेव्हा कौल लावायची रीतही बरोबर घेऊन आले. मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि बघत बसायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. मुलीचं लग्न, मुलाची नोकरी, म्हशीचं दुखणं, काहीही विचारा. पार एरचहून बायका बसनं येतात नि म्हणतात, "पंडितजी, फूल लगा दो."

कधीकधी एकही पाकळी पडत नाही. अशा वेळी मुकाट घरी जावं, देवी बोलत नाही म्हणजे नाही, असा मूळ नियम आहे. माझे बाबा केशवराव रेल्वेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि मग पूर्ण वेळ देवळात बसायला लागले. त्यांना हा नियम कधी पटला नाही. "बाई एवढ्या लांबून आली, तिला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं?" असं म्हणून ते प्रश्न फिरवायचे. 'पोराला नोकरी लागेल का' याला पाकळी हलली नाही तर 'यंदा लागेल का', तरी नाही तर 'पोरानं अर्ज तरी करावा का'. तिसऱ्या-चौथ्या फेरीला पाकळी पडायचीच. पाणी सुकलं की पाकळी पडते, त्यात देवीचा काय संबंध, हे मी नववीत असताना त्यांना सांगितलं होतं. मग आठवडाभर मला देवळाच्या पायरीवर पाऊल ठेवू दिलं नाही.

आणि मोठी होऊन मी बनवलं काय, तर "मला माहीत नाही" म्हणणारं मशीन. बापलेकीच्या भांडणातून माणसं काय काय करतात.

कंपनी पुण्याची, मी झाशीतून काम करायची. इथल्या एका धर्मादाय दवाखान्यासाठी आम्ही फोनवरची आरोग्य-सल्लागार तयार केली. एआय, पण गावात कोण एआय म्हणतंय! आवाज बाईचा होता, म्हणून सगळे तिला दीदी म्हणायला लागले. फोन लावायचा, काय होतंय ते आपल्या बोलीत सांगायचं. दीदी सांगायची की घरी थांबलं तरी चालेल, उद्या दाखवा, किंवा आत्ता उठा आणि या. चौथं उत्तर माझ्या हट्टानं घातलेलं होतं: "मुझे नहीं मालूम. मैं अंदाज़ा नहीं लगाऊँगी. आज ही डॉक्टर को दिखाइए."

त्या एका वाक्यासाठी मी दोन वर्षं भांडले. मशीनला उत्तर द्यायला शिकवणं सोपं असतं, ते तर पोपटासारखं बोलायलाच बसलेलं असतं. आपल्याला कुठे कळत नाही, ते त्याला कळायला लावणं यात जीव जातो. मी शेकडो वेळा वेगवेगळ्या बायका होऊन दीदीला फोन केले. घाबरलेली, खोटं बोलणारी, नवरा शेजारी उभा आहे म्हणून अर्धंच सांगणारी, दारू प्यालेली. पुण्याचे आमचे मकरंद सर वैतागायचे. "चारुता, शंभरातल्या वीस फोनना ही बाई हात वर करते. लोक फोन ठेवून देतात." त्यांना माझं झाशीचं मराठी ऐकून हसू यायचं, माझं म्हणणं ऐकून यायचं नाही.

दुसरी अटही माझीच होती. फोन ठेवला की दीदी सगळं विसरणार; तपासणीपुरतं रेकॉर्डिंग पुण्यात राहील, पण दीदीच्या हाती ते लागणार नाही. इकडे घरात फोन एक असतो. सुनेनं तिच्यावर झालेली मारहाण सांगितली आणि तासाभरानं त्याच फोनवरून सासू बोलली, तर दीदीच्या तोंडून चुकून काही निघायला नको. ज्याच्यावर भरवसा ठेवायचा त्याच्या पोटात गोष्ट राहिली पाहिजे, आणि पोटात राहण्याची खात्री नसेल तर ती पोटात जाताच कामा नये. ही अट मकरंद सरांनीही मान्य केली.

दवाखान्याचे प्रमुख म्हणजे कर्नल साहेब. फौजेतले डॉक्टर, आता छावनीतल्या बंगल्यात एकटे राहतात. त्यांच्या विश्वस्तांना दुसऱ्या एका कंपनीचं मशीन हवं होतं. ते स्वस्त, चटपटीत आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर देणारं होतं. कर्नल साहेब आडवे उभे राहिले. "जो डॉक्टर ‘पता नहीं’ नहीं बोल सकता, उसे मैं अपना घोड़ा भी न दिखाऊँ," असं म्हणाले. मग मला बाजूला घेऊन सांगितलं, "बेटा, एक गलती हुई तो मैं इन लोगों को रोक नहीं पाऊँगा." म्हणजे दीदीचा जीव त्यांच्या माझ्यावरच्या विश्वासावर टांगलेला होता, आणि ते मला पक्कं माहीत होतं.

कार्तिकात एरचला आशाताईंचं, म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविकांचं, प्रशिक्षण ठेवलं होतं. आदल्या संध्याकाळी मी आईबाबांना समोर बसवून त्याची तालीम केली. माझी आई, बकुळा, भाजी निवडत होती, बाबा वाती वळत होते. "अगर दीदी बोले नहीं मालूम, तो दुबारा नहीं पूछना," मी हातवारे करून सांगत होते. "नहीं मालूम, यही जवाब है." आई म्हणाली, "छान बोलतेस. कुठल्या तरी मास्तराशी लग्न केलं असतंस तर निदान घरात शाळा भरली असती." बाबा वाती वळत राहिले.

दुसऱ्या दिवशी एरचला पंचायतीच्या खोलीत बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. बाहेर बेतवेवरून गार वारा येत होता. दुपारी आईचा फोन आला आणि मी व्हरांड्यात आले.

"अगं, गंमत ऐक," आई हसत होती. "तुझ्या दीदीनं आज ह्यांना पुरतं दमवलं. दोनदा तोंडच उघडलं नाही, तिसऱ्यांदा बोलली."

"कुणासाठी फोन केला होता?"

"माझ्यासाठी. सकाळपासून जरा बरं वाटत नाहीये. पित्त झालंय, तीच म्हणाली."

"पहिल्यांदा बाबांनी काय सांगितलं होतं तिला?"

"सगळं. पाठ भरून आलीये, जबडा दुखतोय, मळमळतंय, घाम येतोय. तर म्हणे मुझे नहीं मालूम, आज ही डॉक्टर को दिखाइए. तुझं ते पालुपद."

"आणि तिसऱ्यांदा काय सांगितलं?"

"पाठ नि जबडा सोडून दिला. घामही. म्हणाले, नुसतं मळमळतंय आणि आंबट ढेकर येतात असं सांगून बघू. तेव्हा बोलली बाई, पित्त वाटतंय, आराम करा, वाढलं तर या. पाकळ्या लावल्यासारखेच विचारत होते गं. मला हसू आवरेना."

आई सहासष्ट वर्षांची होती, तिला मधुमेह होता, आणि हे दुखणं हृदयाचं असू शकत होतं. मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. ती म्हणाली, "ओरडू नकोस, त्या बाया काय म्हणतील." बाबांना फोन दे म्हटलं तर ते देवळात गेलेले. बाहेरगावच्या बाया कौलासाठी थांबल्या होत्या, आणि आता घरी काळजीचं काही राहिलं नव्हतं.

मी आमच्या झाशीच्या ऑफिसातल्या नीरजला फोन लावला. तो बिचारा जेवणावरून उठून गाडी घेऊन निघाला. आईनं त्याला पाणी दिलं, चांगलं लुगडं नेसायला आत गेली, देवळाकडे बघून हात जोडले आणि मग गाडीत बसली. इलाइट चौराह्यावर गाडी गर्दीत अडकली होती तेव्हा तिनं मान टाकली. मी तेव्हा एरचच्या रस्त्यावर जीपमध्ये होते आणि नीरज फोनवर नुसता "चारुताजी, चारुताजी" म्हणत होता.

आशिष, माझा धाकटा भाऊ, त्याच रात्री गुडगावहून आला. सगळं आटोपल्यावर त्यानं मला गच्चीवर नेलं. "ताई, सीधी बात आहे. तुझ्या मशीननं आईला मारलं. मी शिकायत करणार. दवाखान्याला, सगळ्यांना सांगणार." मी दोरीवरच्या चादरी काढायला लागले. त्याला बाबांनी एवढंच सांगितलं होतं की दीदीला विचारलं, तिनं पित्त सांगितलं. आणि बाबा खोटं बोलत नव्हते, हे मला हळूहळू उमगलं. त्यांच्या लेखी पहिले दोन फोन झालेच नव्हते. पाकळी पडली नाही तो कौल कुणी धरत नाही. देवी तिसऱ्यांदा बोलली, तेच तिचं बोलणं.

मला त्यांचा इतका राग आला होता की त्यांच्या ताटात भात वाढताना मी डाव आपटायचे. आणि त्यांच्याकडे बघितलं की तो राग तिथेच विरून जायचा. बेचाळीस वर्षं जिच्याशी रोज चहाच्या साखरेवरून भांडले, ती गेल्यावर ते बिनसाखरेचा चहा प्यायला लागले होते. हे आशिषच्या लक्षातही आलं नव्हतं.

मकरंद सरांचा फोन आला. आधी दुःख व्यक्त केलं, मग आवाज जरा उजळला. "मी स्वतः तिन्ही फोन ऐकले. दीदी तिन्ही वेळा बरोबर वागली. पहिल्या दोनदा नाही म्हणाली, तिसऱ्यांदा जेवढं सांगितलं तेवढ्याला योग्य उत्तर दिलं. चारुता, तुमची दीदी निर्दोष आहे."

"माझी आई गेली, सर."

"हो, हो. ते तर आहेच. पण तुम्ही हे कर्नल साहेबांना सांगायला हवं. नाहीतर ते लोक ती दुसरी कंपनी आणतील. आपल्याकडे पुरावा आहे."

मी फोन ठेवला. त्यांचं काही चुकलं नव्हतं. रात्रंदिवस मी दुसरं काय मागत होते? बरोबर वागणारं मशीन. ते झालं होतं. मी मनाशी पुन्हा पुन्हा जुळवून पाहिलं, कुठे काय बदललं असतं तर आई वाचली असती. दीदीनं आधीचा फोन लक्षात ठेवला असता तर वाचली असती, पण मग त्या मार खाणाऱ्या सुनेचं काय? दीदीनं प्रत्येक मळमळीला दवाखान्यात या म्हटलं असतं तर वाचली असती, पण मग महिन्याभरात तिचं कुणी ऐकलं नसतं. ज्याला हवं तेच ऐकायचंय त्याच्यापुढे प्रामाणिक माणूस जिथे हरतो, तिथे मशीन काय करणार. मला यातून वाट सापडली नाही. अजूनही सापडलेली नाही.

चौदाव्याच्या गोडजेवणानंतर कर्नल साहेब घरी आले. बाबांच्या समोर खुर्चीत ताठ बसले, चहाला नको म्हणाले. आशिष दाराला टेकून उभा होता. त्याची तक्रार त्यांच्यापर्यंत पोहोचली होती.

"केशवरावजी, मैं शर्मिंदा हूँ," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "चारुता, मुझे किसी और से नहीं पूछना. न पुणे से, न ट्रस्ट से. तुमने बनाया है, तुम बताओ. मशीन गलत थी?"

मी तोंड उघडायच्या आत बाबा बोलले. मराठीत, माझ्याशी.

"थांब. मी विचारतो. चारू, दीदी चुकली का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर एवढंच सांगायचं होतं की बाबा, तिनं दोनदा तुम्हाला डॉक्टरकडे जा म्हणून सांगितलं. एक वाक्य. दीदी वाचली असती, एरचच्या त्या सगळ्या बायकांना निदान एक आवाज उरला असता जो थापा मारत नाही. आणि बाबा उरलेलं आयुष्य त्या एका वाक्याखाली जगले असते.

"मला माहीत नाही, बाबा," मी म्हटलं.

दीदीनं हे वाक्य हजारो वेळा म्हटलं होतं, एकदाही खोटं म्हटलं नव्हतं. मी पहिल्यांदा म्हटलं आणि खोटं म्हटलं.

बाबांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, "बरं. असं विचारतो. पित्त आहे असं ती बोलली, हे तर खरं ना?"

मी गप्प बसले. कर्नल साहेबांना मराठी कळत नव्हतं, पण काहीतरी नाजूक चाललंय हे कळून ते खाली बघत होते.

"बरं," बाबा पुन्हा म्हणाले. आवाज अगदी बारीक झाला होता. "मी फोन केला, तिनं सांगितलं, मी ऐकलं. बकुळा गेली ती माझ्यामुळे नाही ना गेली?"

मूर्तीच्या खांद्यावरच्या पाकळीकडे बघावं तसे ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी कर्नल साहेबांकडे वळले. "जी, सर. मशीन गलत थी."

ते उठले, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सच बोलने के लिए हिम्मत चाहिए, बेटा," म्हणाले. 

दीदी बंद झाली. मकरंद सरांनी पुराव्यासकट लांबलचक पत्र धाडलं. कर्नल साहेबांनी ते वाचलंही नाही, बनवणारीनंच कबूल केलंय म्हणाले. मी नोकरी सोडली. दुसऱ्या कंपनीचं मशीन आलं. त्याचा आवाजही बाईचाच आहे, गोड आहे, आणि ती कधीच अडत नाही. एरचच्या एका आशाताईनं मला मुद्दाम फोन करून सांगितलं, "मैडम, नई वाली बहुत अच्छी है. जो पूछो, सब बता देती है." तिला आनंद झाला होता. मी बरं म्हटलं.

आशिष गुडगावला परत गेला. मी बाबांजवळ राहिले. एवढं तरी साधलं असं मी स्वतःला सांगत होते. मशीन गेलं, माणूस तरी राखला. ते जेवत होते, झोपत होते, सकाळी देवळात जात होते. बायका येत होत्या. बाबा पाकळ्या लावत होते. मी तिकडे फारशी फिरकत नसे.

चैत्रात एका दुपारी त्यांना पाणी द्यायला गेले. एरचकडचीच एक बाई बसली होती, मांडीवर पाच-सहा वर्षांची पोर. पोरीला महिनाभर ताप येत-जात होता. नव्या मशीननं काहीबाही सांगितलं होतं, ते करून झालं होतं. आता मोठ्या दवाखान्यात न्यावी की नाही, एवढं तिला देवीला विचारायचं होतं. बाबांनी पाकळ्या लावल्या. आम्ही तिघं बघत बसलो. एकही हलली नाही.

बाईनं वाट पाहिली. मीही पाहिली. आता ते प्रश्न फिरवणार, मला तोंडपाठ होतं.

बाबांनी हात लांब करून ओल्या असतानाच दोन्ही पाकळ्या काढल्या आणि ताम्हणात ठेवल्या. "बिटिया को आज ही बड़े डॉक्टर को दिखाओ," ते म्हणाले.

"पर देवी तो कुछ बोली नईं, पंडितजी. एक बेर और पूछ लो."

"दुबारा नहीं पूछते," बाबा म्हणाले. "नहीं मालूम, यही जवाब है."

बाई पोरीला कडेवर घेऊन निघून गेली. मी हातात तांब्या घेऊन तशीच उभी होते. ते शब्द माझे होते. आई जायच्या आदल्या संध्याकाळी ते वाती वळत बसले होते तेव्हा मी म्हटलेले.

बाबांनी पंच्यानं हात पुसले. बराच वेळ पुसत राहिले.

"चारू," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "दीदीनं पहिल्यांदाच सांगितलं होतं गं."

"माहीत आहे, बाबा," मी म्हटलं.